शिकागोत घरामागे लाकडी डेक (फळ्यांचा उघडा ओटा) बांधायला परमिट काढायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की जुनं विटांचं घर आहे आणि काँट्रॅक्टर म्हणतोय, "परमिटच्या भानगडीत पडलात तर उन्हाळा निघून जाईल." परमिट काढा आणि काँट्रॅक्टर बदला.

२९ जून २००३ ला इथल्या लिंकन पार्क वस्तीत पार्टी चालू असताना एका इमारतीची लाकडी पोर्च, म्हणजे घराला जोडलेली गॅलरी, कोसळली आणि १३ तरुण मुलंमुली गेली. ती परमिटशिवाय बांधली होती, असं तेव्हा शहराने सांगितलं. त्यामुळे इथे पोर्च आणि डेकच्या बाबतीत कडकपणा आहे आणि तो असायलाच हवा.

कागद फार लागत नाहीत. प्लॅट ऑफ सर्व्हे, म्हणजे जागेच्या हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, बहुधा क्लोजिंगच्या (घरखरेदीच्या शेवटच्या व्यवहाराच्या) फाइलीत सापडेल. त्यावर डेक कुठे येणार, हद्दीपासून किती अंतर राहणार हे दाखवायचं, सोबत खांब, जॉइस्ट (फळ्यांखालच्या आडव्या तुळया), जिना, कठडा यांचे नकाशे.

खरी जोखीम आहे ती डेक भिंतीला जोडण्यात. भिंतीलगत जी लांब फळी बसते, लेजर, तिच्यावर जवळजवळ अर्धा भार येतो. ती नुसती खिळ्यांनी ठोकली तर सुरुवातीला काही कळत नाही. मागे पाणी मुरतं, लाकूड कुजतं आणि एक दिवस माणसं जास्त झाली की खिळे उपसून येतात. बोल्ट हवेत, आणि वर पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी. तुमच्या जुन्या विटा बोल्ट धरतील का, याची शंका असेल तर घराला न टेकणारा, स्वतःच्या खांबांवर उभा डेक करा. मी तसाच करून घेतला.

इथे पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो. त्याहून उथळ असला तर गोठलेली जमीन हिवाळ्यात खांब वर उचलते. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर येतो. आमच्याकडे त्याने प्रत्येक खड्ड्यात टेप सोडली आणि एकाच्या तळाशी सैल माती दिसली म्हणून ती काढायला लावली. काँक्रीट पडल्यावर ती कोणाच्याच नजरेला आली नसती.

खणण्याआधी ८११ ला फोन करा. गॅसच्या आणि विजेच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात.

नवीन काँट्रॅक्टरशी करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या: परमिट तो काढणार, आणि शेवटचा हप्ता फायनल इन्स्पेक्शन पास झाल्यावरच. अर्ज बर्फ असतानाच टाका, म्हणजे उन्हाळाही हातचा जाणार नाही.