इलेक्ट्रॉनचा क्षय झाला तर चार्ज जातो कुठे?

नांदेडच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने विचारलंय, जादा मिती मानणाऱ्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनचा क्षय होऊ शकतो म्हणतात, मग विद्युतभार अक्षय्यतेचं, म्हणजे एकूण चार्ज कायम राहतो या नियमाचं काय? प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत संपतो, कारण आपला चार्ज सोपवायला त्याला हलका इलेक्ट्रॉन मिळतो. इलेक्ट्रॉनच्या खाली मात्र चार्ज असलेला कणच नाही. बरं, चार्ज टिकतो हा मॅक्सवेलच्या समीकरणांवर वरून लादलेला नियमही नाही. अँपिअर-मॅक्सवेल समीकरणाचं डायव्हर्जन्स घे, त्यात गॉसचा नियम टाक, सातत्य समीकरण, म्हणजे चार्ज टिकतो हे सांगणारं समीकरण, आपोआप हातात येतं. वहीत करून बघच, चार ओळींचं काम आहे. म्हणून इलेक्ट्रॉनचा क्षय मांडणाऱ्याने मॅक्सवेलला नेमका कुठे धक्का लावला ते आधी सांगायला हवं.

फोटॉनला किंचित वस्तुमान देणं ही एक वाट. ती वाटते तेवढी सरळ नाही. ओकुन आणि झेल्दोविच या भौतिकशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये दाखवलं की मग क्षयाबरोबर अत्यंत कमी ऊर्जेच्या अनुदैर्ध्य (प्रवासाच्याच दिशेने कंप पावणाऱ्या) फोटॉनांचा लोंढा सुटतो.

तू म्हणतोस ती जादा मितीची वाट दुबोव्स्की, रुबाकोव्ह आणि तिन्याकोव्ह यांनी 2000 मध्ये तपासली. आपलं जग हा मोठ्या अवकाशातला एक पापुद्रा असेल, तर इलेक्ट्रॉन त्यातून निसटू शकतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी परभणीकडे येईपर्यंत कमी भरलं, तर ते कुठल्या चारीला वळलं हेच आपण शोधतो ना? इथे चारी आपल्याला न दिसणाऱ्या मितीत आहे. पूर्ण अवकाशाचा हिशोब धरला तर गॉसचा नियम शाबूत राहतो.

आता प्रयोग. न्यूट्रिनो (चार्ज नसलेला, जवळजवळ वस्तुमानहीन कण) आणि फोटॉन असा क्षय झाला तर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात दडलेल्या 511 केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेची निम्मी, म्हणजे सुमारे 256 केईव्ही ऊर्जा फोटॉनला मिळेल. (नुसते दोन फोटॉन चालत नाहीत, स्पिन जुळत नाही.) इटलीत ग्रान सासो डोंगराखाली बोरेक्सिनो या न्यूट्रिनो शोधकाने 278 टन द्रवात हाच फोटॉन, म्हणजे गॅमा किरण, शोधला. सापडला नाही. त्यावरून 2015 मध्ये या क्षयासाठी आयुष्याची किमान मर्यादा 6.6 × 10²⁸ वर्षं निघाली. साठ किलोच्या माणसात साधारण 2 × 10²⁸ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे त्याच्या अख्ख्या शरीरात तीन वर्षांत फार तर एखादा असा जाईल.

पण इलेक्ट्रॉन जादा मितीत निसटला तर हा गॅमा येणारच नाही. त्यासाठी अणूच्या के कवचात, म्हणजे केंद्रकालगतच्या सर्वांत आतल्या कवचात, पडलेली रिकामी जागा पकडावी लागते. ती भरताना क्ष-किरण आणि इतर इलेक्ट्रॉन सुटतात, जर्मेनियममध्ये त्यांची एकूण ऊर्जा सुमारे 11 केईव्ही. या पद्धतीच्या मर्यादा बोरेक्सिनोपेक्षा बऱ्याच सैल आहेत, तरी मला हीच जास्त मोलाची वाटते, कारण इलेक्ट्रॉन कशात बदलला हे तिला आधी गृहीत धरावं लागत नाही.

तू वाचलेल्या सिद्धांतात निसटण्याचा दर दिला असेल तर तो इथे टाक, के कवचाच्या मर्यादेशी ताडून बघू.