ई-रीडर घेताना आधी दुकान बघा

भारतात ई-रीडर म्हणजे फक्त किंडलच का? बाकीच्या कंपन्या कुठे गेल्या? (धरमपेठ)

आल्या होत्या, दादा. 2010 मध्ये इन्फीबीमनं ‘पाय’ नावाचं देशी यंत्र काढलं. 2012 मध्ये किंडलचं भारतीय दुकान उघडलं, त्याच वर्षी फ्लिपकार्ट ई-पुस्तकं विकू लागलं आणि पुढच्या वर्षी कोबो आलं. 2015 च्या अखेरीस फ्लिपकार्टनं ई-पुस्तकं बंद केली, आपले ग्राहक कोबोकडे सोपवले.

पडद्यावरून तर फारशी स्पर्धाच नाही. किंडल घ्या, कोबो घ्या, पडदा ई-इंक या एकाच कंपनीचा. खरी चढाओढ आहे ती दुकानाची. किंडलवर विकत घेतलेलं कुलूपबंद पुस्तक कोबोवर उघडत नाही, कोबोवरचं किंडलवर नाही. चाळीस-पन्नास पुस्तकं जमली की ग्राहक जागचा हलत नाही, आणि ज्याच्या दुकानात तो आधी शिरला, त्याचं फावतं.

जर्मनीत 2013 मध्ये मोठे पुस्तकविक्रेते आणि डॉइचे टेलिकॉम एकत्र आले, त्यांनी ‘टोलिनो’ काढला. माणूस नेहमीच्या पुस्तकाच्या दुकानात जाई, यंत्र हातात धरून बघे आणि तिथेच घेई. किंडलला तिथे तोडीस तोड मिळाला तो असा. सीताबर्डीवर पुस्तकं घेताना मला हे हटकून आठवतं. आपल्याकडे विक्रेत्यांची अशी मोट बांधली गेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आईला मराठीच वाचायचं आहे. कोणतं घेऊ? (मनीषनगर)

ताई, आईंना हव्या असलेल्या दहा पुस्तकांची यादी करा आणि ती कुठे मिळतात ते आधी शोधा. किंडलवर 2016 च्या डिसेंबरपासून मराठी विभाग आहे. बुकगंगावरही भरपूर मराठी आहे, पण ती पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात आणि किंडलवर ते ॲप चालत नाही. यादीतली बरीच पुस्तकं तिथलीच निघाली, तर अँड्रॉइडवर चालणारा, ‘बूक्स’ (Boox) कंपनीचा आहे तसा ई-रीडर बघा. महाग पडतो, पण त्यात दोन्ही ॲप टाकता येतात. अक्षर मोठं करणं सगळ्यांतच जमतं.

नागपूरच्या उन्हात चालेल का? (सदर)

वाचायला उत्तम. मोबाइलसारखा पडदा चकाकत नाही, उन्हात उलट अक्षर जास्त स्पष्ट दिसतं. मात्र आत लिथियम बॅटरी असते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवून जाऊ नका.

कंपनीनं गाशा गुंडाळला तर पुस्तकांचं काय? (प्रतापनगर)

चीनमध्ये किंडलचं दुकान 30 जून 2023 ला बंद झालं आणि पुस्तकं उतरवून घ्यायला ग्राहकांना आणखी एक वर्ष मिळालं. मायक्रोसॉफ्टनं 2019 मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद करताना पैसे परत दिले, पुस्तकं मात्र गेली. म्हणून मी जन्मभर लागणारी पुस्तकं कागदावरच घेतो.