मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासळी विकते. मी सांगते आहे आणि मुलगी लिहिते आहे. इथल्या एका पतसंस्थेत माझी पिग्मी होती. लिलाव आटपला की पिग्मीवाला पोरगा यायचा, शंभर-दोनशे जे असेल ते न्यायचा, कार्डावर लिहायचा. पिग्मी भरली की त्या पैशांची मुदत ठेव करत गेले. अशा तीन पावत्या आहेत, सगळे मिळून तीन लाख चाळीस हजार. मुलीच्या नर्सिंगसाठी ठेवले होते. गणपतीनंतर संस्थेचं दार उघडलेलंच नाही. चेअरमन म्हणतात, कर्जवसुली झाली की देऊ. तोवर जुन्या पावत्या जमा करा, दोन वर्षांच्या नव्या देतो. आणखी एक माणूस घरोघर फिरतो, तो शंभराचे पस्तीस रोख देऊन पावती नेतो. काही बायकांनी दिल्या. पाच लाखांपर्यंत सरकार भरून देतं असं ऐकते, ते खरं का? आणि पिग्मीवाला आमच्याच वाडीतला. लोक त्याच्या दारात जाऊन शिव्या घालतात. मी गेले नाही. जायला हवं का?
— एक वाचक, हर्णै, ता. दापोली

उत्तर : ताई, तिन्ही मूळ पावत्या आणि पिग्मीचं कार्ड घरातच ठेवा. कोणी मागितलं तर झेरॉक्स द्या आणि ती दिल्याची पोच घ्या. नवी पावती घेतलीत की मुदत तुम्हीच राजीखुशीने वाढवून दिली, असं उद्या संचालक सांगतील. आज त्यांनी तुमची ठेव थकवली आहे. नव्या पावतीवर ती थकलेली दिसणारच नाही.

पस्तीस रुपयेवाल्याचं तर नीट ऐका. अशा माणसामागे बहुतेक वेळा संस्थेचा एखादा मोठा थकबाकीदार असतो. तुमची शंभराची पावती तो पस्तीसला घेतो आणि स्वतःच्या कर्जात पुऱ्या शंभराला वळती करून घेतो. जळगावकडच्या एका मोठ्या पतसंस्थेत असं झाल्याच्या आरोपावरून 2020 मध्ये पोलिसांनी गुन्हे नोंदवले होते. ज्याच्याकडून पैसे येऊन सगळ्यांना वाटले जायचे, त्याचंच कर्ज असं कागदावर फिटतं. ज्या बायकांनी पावत्या दिल्या त्यांना दोष देऊ नका, घरात नड असते. पण कोणाला दिली, कधी दिली, किती मिळाले हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. पोलिसांना ते लागेल.

पाच लाखांचं खरं नाही. सांगताना मला वाईट वाटतं. ते विम्याचं संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे, सहकारी बँकांनासुद्धा. फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा पाच लाख झाली. पेण अर्बन बँक 2010 मध्ये अडचणीत आली तेव्हा ती एक लाख होती. पतसंस्था मात्र बँक नव्हे, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, हा विमाही नाही. मी सहकार खात्यात लेखापरीक्षणात नोकरी केली. बँकेसारखा काउंटर, बँकेसारखं पासबुक आणि बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज पाहून बाजारातल्या बायका डोळे मिटून पैसे ठेवताना मी पाहिल्या आहेत. हा फरक दारावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावला पाहिजे, असं मला फार वाटतं.

मग तुमचे पैसे आहेत कुठे? तिजोरीत नाहीत, ते कर्जदारांकडे आहेत. कर्ज कोणाला दिलं, तारण काय घेतलं, संचालकांच्या नातेवाइकांना किती गेलं, हे सगळं लेखापरीक्षण अहवालात असतं. संस्था तो दाखवणार नाही, पण दापोलीच्या सहायक निबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी, एआर म्हणतात ते) तो असायला हवा. माहिती अधिकाराचा अर्ज तिथे करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. शेवटच्या तीन वर्षांचे अहवाल मागा. अपहार आढळला तर लेखापरीक्षकाने विशेष अहवाल देऊन स्वतः गुन्हा नोंदवायचा असतो. तो दिला होता का, हेही विचारा.

अहवाल हाती आला की निबंधकांकडे दोन गोष्टी मागायच्या. एक, सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी. एक-पंचमांश सभासदांनी अर्ज केला की ती मागणी टाळता येत नाही. म्हणून एकट्या जाऊ नका; पाजपंढरी, आंजर्ले, दापोली बाजार, जिथे जिथे ठेवीदार आहेत तिथून सह्या आणा. पिग्मी भरणाऱ्यांना बऱ्याचदा नाममात्र सभासद करून ठेवतात आणि त्यांना मताचा हक्क नसतो, तेव्हा संस्थेचा पूर्ण भाग (शेअर) घेतलेल्या सभासदांच्या सह्या आधी. दुसरं, कलम 88 खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणं. या कलमात मागच्या पाच वर्षांतला गैरव्यवहारच धरला जातो, त्यामुळे “थांबा, देतो” म्हणत काढलेला प्रत्येक महिना संचालकांच्या फायद्याचा. वसुलीसाठी कलम 101 चे वसुली दाखले कर्जदारांवर निघाले का, निघाले तर जप्ती का झाली नाही, हे दर अर्जात विचारत राहा.

पोलिसांकडेही जायचंच. तक्रारीत 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याचा, म्हणजे एमपीआयडीचा, स्पष्ट उल्लेख करा. नुसत्या फसवणुकीच्या कलमांनी माणसं आत जातात आणि जामिनावर बाहेर येतात. एमपीआयडी लागला तर सरकार संस्थेची आणि संचालकांचीही मालमत्ता जप्त करू शकतं, आणि विशेष न्यायालयाच्या हुकमाने ती विकून ठेवीदारांना वाटता येते. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर रत्नागिरीला पोलीस अधीक्षकांकडे, आर्थिक गुन्हे शाखेसाठी, लेखी द्या.

रत्नागिरीच्या ग्राहक आयोगातही दावा होतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, पण दोन वर्षांची मुदत सांभाळायची. तिथला निकाल बहुधा संस्थेविरुद्ध मिळेल. संचालकांवर व्यक्तिशः वसुली हवी तर 88 ची चौकशी आधी व्हावी लागते, असा उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. म्हणून माझा सगळा भर 88 वर. संस्थेवर अवसायक (संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी) नेमला गेला तर त्याच्या जाहीर नोटिशीकडे लक्ष ठेवा आणि पावतीनिशी दावा मुदतीत दाखल करा. त्यानंतर कोर्टात जायला निबंधकांची परवानगी लागते. निबंधक हललेच नाहीत तर उच्च न्यायालय आहे, आणि ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्ह्याची ती कामं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची खेप वाचली. वकिलाच्या खर्चाने मागे हटू नका. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दापोली न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या.

पिग्मीवाल्या पोराच्या दारात गेला नाहीत हे फार चांगलं केलंत. कर्ज त्याने मंजूर केलं नव्हतं. कमिशनवर उन्हापावसात फिरणारा मुलगा तो, कदाचित त्याच्या आईचीही ठेव तिथेच अडकली असेल. त्याने रोजचा भरणा कुठल्या दिवसापर्यंत आणि कोणाकडे दिला, ते त्याच्या वहीत असेल. त्याला बाजूला बसवा, वहीचे फोटो घ्या, जबाब द्यायला तयार करा. शिव्या घालणाऱ्यांनाही हे समजावून सांगा, नाहीतर तो घाबरून गाव सोडेल आणि तुमचा साक्षीदार जाईल.

हे सगळं महिन्यांचं नाही, वर्षांचं काम आहे, आणि मुलीचं वय तोवर थांबणार नाही. तेव्हा तिची फी या पैशांवर अडवून ठेवू नका. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, 2024 पासून सरकार भरतं. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आताच काढायला लावा.