पोत्यांचा लगदा आणि मिठाईचे खोके

चाळीसगाव, श्रावण

प्रिय पोरी,

चित्रांसाठी जमवलेले चार हजार स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये आहेत, तरी कोऱ्या कागदासमोर बसलं की डोकं रिकामं, असं लिहिलंस. वाचून हसू आलं. तुझ्या वयात माझ्याकडे कात्रणांची दोन पोती होती. एका पावसाळ्यात छत गळलं आणि पोत्यांचा लगदा झाला. दोन दिवस हळहळलो. मग लक्षात आलं, त्यातलं एकही कात्रण मला धड आठवत नव्हतं. मग गेलं काय?

तेव्हापासून मी चिठ्ठ्या लिहितो. कुठे पाहिलं, काय पाहिलं आणि पाय का थांबला, एवढंच. तिसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण तिच्यासाठीच बाकीचा खटाटोप.

कानबाईचंच घे, आपली श्रावणात नारळाच्या रूपात बसवतात ती देवी. मागे एकदा विसर्जनाला निघालेल्या कानबाईचे मी बरेच फोटो काढले. नथ, डोळे, गजरे, गर्दी, सगळं आलं. पण ते फोटो शेजाऱ्याच्या मोबाइलमध्येही होते. चिठ्ठीत मात्र एवढंच होतं: ‘सोमवार, उन्हं चढलेली. म्हातारीनं नारळावर पदर धरला, ऊन लागू नये म्हणून.’ देवीला ऊन लागतं ही म्हातारीची काळजी माझ्या एकाही फोटोत नव्हती.

आता ठेवायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न. तू झाडं, माणसं, रंग असे फोल्डर केलेत. तसं करू नकोस. झाडाच्या शेजारी झाडच ठेवलं तर दोघांनी बोलायचं काय? माझ्याकडे मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके आहेत, आणि त्यांवर क्रियापदं लिहिली आहेत: झाकणं, परत येणं, उरणं. ‘झाकणं’मध्ये पदराची चिठ्ठी पडली. तिथे आधीपासून रावेरकडच्या बागेतली, केळीच्या घडांना घातलेल्या पिशव्यांची चिठ्ठी होती, आणि कापसाच्या गाडीवर ताडपत्री ताणणाऱ्या पोराची. वर्षभरानं तिन्ही एकदम हाताला लागल्या. माझ्या दिवाणखान्यातलं ते मोठं चित्र तू पाहिलंयस ना, ते त्यातून आलं. झाडं-माणसं-रंग करत बसलो असतो तर या तिघी कधी भेटल्याच नसत्या.

एक खोका ‘कुठेच न बसणारं’ असा आहे. तो कायम फुगलेला असतो. असू दे.

अमावास्येला एक खोका फरशीवर उपडा करतो. ज्या चिठ्ठीकडे पाहून काहीच हलत नाही, ती फाडतो. (तिथी आपली लक्षात राहावी म्हणून, बाकी काही नाही.) तुझ्या चार हजारांवरून असा हात एकदाही फिरलेला नाही, मुख्य घोळ तिथे आहे.

साठवायला फार हिंडावं लागतं असंही समजू नकोस. आपल्या गावातले छायाचित्रकार केकी मूस आयुष्याची कित्येक दशकं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून आख्खी निसर्गदृश्यं उभी करायचे आणि फोटो काढायचे. स्टेशनजवळ त्यांचं कलादालन आहे, एकदा नीट वेळ काढून बघ. घरातल्या क्षुल्लक वस्तूंकडे हा माणूस किती वेळ बघत बसला असेल!

आणि भुसावळला गेलीस तर मेजर रॉबर्ट गिल या चित्रकार लष्करी अधिकाऱ्याच्या कबरीपाशी जा. कंपनी सरकारनं १८४४ साली त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला पाठवलं. वर्षानुवर्षं लेण्यांत राबून केलेली कॅनव्हासं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. १८७९ साली गिल आपल्या या मुलखातच गेले. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तेच काम पुन्हा केलं, त्यातलाही मोठा भाग १८८५ साली लंडनलाच आगीत गेला. म्हणून हल्ली खोका उपडा केला की चिठ्ठ्यांचे फोटो काढून मुलीला पाठवतो. मोबाइलचा तेवढा उपयोग मला मान्य आहे.

रविवारी ये. तीन चिठ्ठ्या आण, टाईप केलेल्या नकोत, हातानं लिहिलेल्या. शेवभाजी मी करतो, तिखट झेपेल तेवढंच सांग.

तुझा,
काका