कोजागिरीच्या आधी घरच्यांना लिहिताना

अगं, पहिल्यांदाच घरच्या ग्रुपवर सगळ्यांची खबरबात लिहितेयस ना, मग आधी आजीच्या तब्येतीचं लिही, बाहेरगावचे सगळे तेच शोधतात, नोकरी-ॲडमिशन एका ओळीत उरकलं तरी चालतं. प्रवासाचं मात्र सावकाश लिही. पावसाळ्यात चिखलदऱ्याला गेलो, मज्जा आली, एवढ्यानं काहीच दिसत नाही गं, परतवाड्यानंतर घाट लागला तेव्हा गाडीच्या काचेवर धुकं कसं आलं, कॉफीचे मळे बघून बाबा काय म्हणाले ते लिही. फोटो मोजकेच टाक, पण खाली कोण, कुठं, कोणतं साल हे हवंच. आणि दसऱ्याच्या गडबडीत नको पाठवू, दीक्षाभूमीच्या बाजूला गर्दी, घरोघरी पाहुणे, कोणाला वाचायला फुरसत नसते. कोजागिरीला दूध आटवत सगळे जागेच असतात, तेव्हा टाक.