पत्राचा कागद त्यांचा, मजकूर कुणाचा?

प्रश्न : माझे वडील चित्रकार. सांगलीत राहायचे, १९९४ साली गेले. पुण्याचे एक चित्रसंग्राहक (आम्ही त्यांना काका म्हणायचो) १९४८पासून त्यांची चित्रं विकत घेत. दोघांचा चाळीस वर्षं पत्रव्यवहार होता. वडिलांची १४२ पत्रं काकांच्या घरी आहेत, त्यांतल्या कितीतरी पत्रांच्या कडेला रेखाटनं आहेत. काकांची साठेक पत्रं आमच्या ट्रंकेत आहेत. काका आता नाहीत. त्यांचा अमेरिकेतला मुलगा वडिलांच्या पत्रांचं पुस्तक पुण्यातून काढणार आहे आणि नंतर मूळ पत्रं व सहा चित्रं परदेशात लिलावाला देणार आहे. ‘पत्रं आम्हाला लिहिली, म्हणजे आमचीच’, असं तो म्हणतो. १९७१च्या एका पत्रात वडिलांनी लिहिलंय, ‘ही पत्रं आता तुमचीच. जपा, वाटलं तर कुणाला दाखवा.’ वडिलांच्या मृत्युपत्रात ‘घरातील सर्व चित्रे व कागदपत्रे’ मला दिली आहेत. आई नंतर वारली. एक भाऊ आहे. मी काय करावं?

उत्तर : मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि सगळी गोम उरलेल्या अर्ध्यात आहे. पत्र पोस्टात पडून पोचलं की कागद, शाई, तिकीट हे सगळं घेणाऱ्याचं. तो ते जपेल, विकेल, मुलाला देईल. पण त्यावरचा मजकूर छापायचा अधिकार कागदाबरोबर जात नाही. इंग्लंडात १७४१ साली कवी अलेक्झांडर पोप यांनी पुस्तकविक्रेता कर्ल याच्यावर लावलेल्या दाव्यात हेच ठरलं, आणि आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तिथेच येऊन पोचतं : पहिला मालक लिहिणारा. मजकुराला वाङ्मयीन मोल असावं लागतं असंही नाही. ‘नळ्या मिळाल्या, सफेदा अजून आला नाही, घोड्यांचं चित्र अडलंय’ एवढ्या चार ओळींचं आंतरदेशीय पत्रही कायद्याच्या भाषेत साहित्यकृतीच. कडेचं रेखाटन ही वेगळी कलाकृती, तिचा वेगळा कॉपीराइट.

हे वेगळेपण मुदतीत दिसतं. रेखाटनांचा आणि चित्रांचा कॉपीराइट वडिलांच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं, म्हणजे २०५४च्या अखेरीपर्यंत. वडील असताना त्यांच्या संमतीने एखादं पत्र दिवाळी अंकात वगैरे छापलं गेलं असेल तर त्यालाही हीच मुदत. पण जी पत्रं त्यांच्या हयातीत कधीच छापली गेली नाहीत त्यांना कलम २४ लागतं : साठ वर्षं मोजायची ती पहिल्या प्रकाशनानंतरच्या वर्षापासून. आणि मालकाच्या परवानगीशिवाय कुणी छापलं तर कलम ४प्रमाणे ते या हिशेबात प्रकाशनच नव्हे. परस्पर पुस्तक काढल्याने मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही, कॉपीराइटचं उल्लंघन मात्र होतं.

आता १९७१चं वाक्य. समोरचा वकील सगळ्यात आधी यावरच बोट ठेवेल, म्हणून त्यातला शब्द न् शब्द पाहू. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायला लेखी आणि सहीचा दस्त लागतो. पत्र लेखी आहे, खाली सही आहे. आज असा दस्त केला तर कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी हे सगळं लिहावं लागतं, आणि काळ न लिहिल्यास पाचच वर्षं धरतात. पण या अटी बहुतांशी १९९४च्या दुरुस्तीने आल्या आणि कलम १९च्या पोटकलम ७नुसार त्या आधीच्या दस्तांना लागत नाहीत. त्यामुळे ‘मुदत लिहिलेली नाही, म्हणून हक्क संपला’ हा सोपा युक्तिवाद इथे चालणार नाही. तुमचा आधार त्या वाक्यातच आहे. ‘ही पत्रं तुमचीच’ हे कागदाबद्दल. ‘जपा’ हेही कागदाबद्दल. ‘दाखवा’ म्हणजे दाखवा. ‘छापा’ असं म्हटलेलं नाही. माझ्या मते यातून छपाईचा हक्क गेलेला नाही. मात्र तुम्ही दिलंय ते एकच वाक्य. त्या पत्राच्या मागच्या-पुढच्या ओळींत किंवा नंतरच्या पत्रांत पुस्तकाचा विषय निघाला असेल तर अर्थ फिरू शकतो. काकांनी त्याला काय उत्तर दिलं, ते तुमच्याच ट्रंकेत असेल. १९७१-७२ची त्यांची पत्रं आधी काढून वाचा.

दुसरी अडचण तुमच्या घरातली आहे. मृत्युपत्रात ‘घरातील’ कागदपत्रं तुम्हाला दिली. कॉपीराइट कायद्याचं कलम २० असं सांगतं की अप्रकाशित हस्तलिखित किंवा चित्र मृत्युपत्राने मिळालं तर, उलट काही लिहिलेलं नसेल तर, त्याचा कॉपीराइटही मिळतो. त्यामुळे घरच्या वह्या, अप्रकाशित चित्रं तुमची, हक्कांसह. पण ही १४२ पत्रं घरात नव्हतीच. त्यांच्या मजकुराचा हक्क या वाक्यात बसत नाही. मृत्युपत्राच्या शेवटी ‘वर नमूद न केलेली इतर सर्व मिळकत’ अमक्याला, असं कलम आहे का ते पाहा. नसेल तर तो हक्क वारसाने गेला. हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरलं आणि आजी वडिलांच्या आधीच गेल्या असतील, तर तो आई, तुम्ही आणि भाऊ यांच्याकडे समान आला, आणि आईने स्वतःचं मृत्युपत्र केलं नसेल तर तिचा वाटा तुम्हा दोघांत. म्हणजे निम्मा हक्क भावाचा. काकांच्या मुलाने उद्या भावाकडून गुपचूप संमतीपत्र लिहून घेतलं तर तुमचा दावा तिथेच लंगडा होतो. म्हणून पहिलं काम भावाशी बोलणं, आणि दोघांच्या सहीचं साधं पत्र : या विषयात दोघं मिळूनच संमती देऊ. सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला काढून ठेवा. उत्तराधिकार प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही, ते येणी आणि रोख्यांपुरतं असतं.

तुमच्या ट्रंकेतली काकांची साठ पत्रं? तोच नियम उलटा. कागद तुमचा, मजकूर त्यांच्या वारसांचा. रागाच्या भरात ती फेसबुकवर टाकलीत तर उल्लंघन तुमच्याकडून होईल.

आणि एक कडू गोष्ट. मजकूर तुमचा असला तरी ती १४२ पत्रं तुम्हाला दाखवायची किंवा त्यांच्या प्रती द्यायची सक्ती करणारं कलम कायद्यात नाही. तुम्ही पुस्तक अडवू शकता, स्वतः काढू शकत नाही. तो काढू शकत नाही, पण पत्रं कपाटात बंद करून ठेवू शकतो. शिवाय काकांची पत्रं नसतील तर प्रश्नाशिवाय उत्तर छापलेलं असलं पुस्तक कोण वाचणार? म्हणून माझा कल दाव्याकडे नाही, लेखी परवान्याकडे आहे, आणि परवान्याची पहिली अट सगळ्या १४२ पत्रांचं पाकिटांसकट स्कॅनिंग. फक्त पुस्तकात जाणाऱ्या निवडक पत्रांचं नव्हे.

परवान्यात हे नीट लिहून घ्या : प्रत्येक पत्र क्रमांक आणि तारखेने, फक्त मराठी छापील आवृत्ती, प्रतींची संख्या, ई-पुस्तक, अनुवाद, ध्वनिरूप हे सगळं वगळून, पाच वर्षं, परवाना फक्त त्यालाच नाही, त्यामुळे तुम्हालाही वापरता येईल, रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाला मिळणाऱ्या रकमेवर, हे स्पष्ट. जिथे मजकूर गाळला तिथे टिंबं, आणि छपाईआधी प्रुफं तुम्हा दोघांकडे. पत्रांत हयात माणसांच्या आजारपणाच्या, उधार-उसनवारीच्या गोष्टी असतील तर त्या व्यक्तींची वेगळी संमती किंवा नावं गाळणं. बदल्यात काकांच्या साठ पत्रांचे स्कॅन तुम्ही द्या. तुमच्याकडे देण्यासारखी खरी वस्तू हीच आहे.

गाळण्याचा मुद्दा किरकोळ नाही. कलम ५७प्रमाणे कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का बसत असेल तर वारसही दाद मागू शकतात. विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प सरकारने काढून मोडलं तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते परत आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई दिली ती याच कलमावर. पण प्रदर्शन न करणं हे उल्लंघन नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. चित्रं भिंतीवर लावा अशी मागणी तुम्हाला करता येणार नाही.

लिलावाचं बघू. विकायला तुमची परवानगी लागत नाही. मात्र कलम ५३अप्रमाणे मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांच्या वर झाली तर चित्रकाराच्या वारसांना त्या किमतीत वाटा मिळतो, जास्तीत जास्त १० टक्के. किती, हे पूर्वी कॉपीराइट मंडळ ठरवायचं, आता ते काम वाणिज्यिक न्यायालयाकडे आहे. हे कलम मूळ हस्तलिखितांनाही लागतं, पण पत्रं काकांना विकली नव्हती, तशीच दिली होती. ‘पुनर्विक्री’ कशी, असा वाद निघेल. चित्रांबाबत तो नाही. भारताबाहेरच्या लिलावात हे कलम वसुलीला अवघड जातं, म्हणून वाट्याचा आकडा परवान्यातच घालून घ्या. सहांपैकी एखादं चित्र काकांनी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं असेल, म्हणजे त्यांच्या पत्नीचं व्यक्तिचित्र वगैरे, तर उलट करार नसल्यास त्याचे पहिले कॉपीराइट-मालक काकाच ठरतात. मग ५३अही त्या चित्राला लागत नाही. जुन्या पत्रांत ‘सांगितल्याप्रमाणे’, ‘आगाऊ मिळाले’ असे शब्द कुठल्या चित्राबद्दल आलेत ते शोधा.

परदेशी नेण्याबाबत : १९७२च्या पुरावस्तू कायद्यात पंचाहत्तर वर्षं जुनं, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेलं हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावस्तू धरतात, आणि खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. १९४८-४९ची पत्रं ती रेषा ओलांडून गेली आहेत. ती अमेरिकेच्या सामानात टाकण्यापूर्वी मुलाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाहीत असा दाखला घ्यायला हवा, नाहीतर विमानतळावर पत्रंही जातील आणि खटलाही होईल. हे त्याला धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून कळवा. त्याच्याही फायद्याचं आहे.

तो ऐकत नसेल तर छपाईआधी वकिलामार्फत नोटीस, त्याला आणि प्रकाशकालाही. प्रकाशक सहसा नोटीस पाहूनच थांबतो. तोवर व्हॉट्सअॅपवर ‘कल्पना छान आहे, पुढे जा’ असलं काही लिहू नका, भावालाही सांगा. परवाना लेखी हवा, आणि असा संदेश लेखी म्हणून पुढे करता येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२मुळे दावा सांगलीतच, जिल्हा न्यायालयात लावता येतो. दाव्याची किंमत ३ लाख किंवा जास्त असेल तर तो वाणिज्यिक दावा, त्याला आधी मध्यस्थी सक्तीची, पण तातडीचा मनाई हुकूम मागितलात तर ती पायरी वगळता येते. पुस्तक बाजारात येऊन सहा महिने गप्प बसलात तर तातडी उरत नाही. नुकसानभरपाईला उल्लंघनापासून तीन वर्षं आहेत. कलम ६३खाली फौजदारीही आहे, ती आत्ता नको, बोलणी तुटतील. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही.

ट्रंकेचं काम आजच सुरू करा. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, लॅमिनेशन करू नका, पाकीट आणि पत्र एकत्र ठेवा, दोन्ही बाजू स्कॅन करा. पोस्टाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा. तीस वर्षांहून जुनं कागदपत्र योग्य ताब्यातून आलं तर सही-अक्षर खरं मानायची मुभा न्यायालयाला २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९२ने आहे. ट्रंक कुणाच्या घरी, कधीपासून आहे हे कागदावर लिहून, तारीख घालून त्यावर तुम्ही आणि भाऊ दोघांनी सही करा.