बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी ॲप बनवतोय. चाचणीला किती जण घ्यावेत? पालकांशी बोलून भागेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. नाही भागणार.

माझा थोरला भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. अमळनेरला आमची पिठाची गिरणी आहे आणि दादा गेली 20 वर्षं तिथे दळणाचे डबे सांभाळतो. त्याला वाचता येत नाही, मोजताना दहाच्या पुढे गोंधळ होतो. पण ओळीत 40 डबे असले तरी कुठला कोणाचा हे तो चुकत नाही.

मी तेव्हा पुण्यात ॲपच्याच कामात होतो. कोणाचं दळण झालं, कोणाचं राहिलं हे दादाला फोनवर कळावं म्हणून एक ॲप करायला घेतलं. काय हवं ते आईला विचारलं, भाऊजींना विचारलं. दादालाही विचारूया म्हटलं तर भाऊजी म्हणाले, "त्याला काय विचारतोस, तो सगळ्यालाच हो म्हणतो." आणि मी ऐकलं.

गल्लीप्रमाणे लाल घर, निळं घर अशी चित्रं टाकली, झालेल्या दळणापुढे हिरवी खूण. दादाने फोन दोन्ही हातांत धरला, बराच वेळ बघितला आणि अहिराणीत म्हणाला, "हाऊ डबा नही शे." म्हणजे, हा डबा नाही. आम्ही सगळे त्याला समजावत बसलो. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्याने माझं मनगट धरून मला ओळीपाशी नेलं. एकाच्या कडेला पोचा, एकाच्या झाकणाला तार, एक डबा मूळचा रंगाचा, त्याच्या काठाला अजून हिरवा ओघळ. प्रत्येकावर बोट ठेवून तो घर सांगत गेला. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, भाऊजींना तर नव्हतंच.

मग डब्यांचे फोटो काढले, ते दादाने. पोचा दिसेल त्याच बाजूने. आईने समोरून काढलेला एक फोटो त्याने पुसायला लावला. हिरवी खूणही गेली, कारण आमच्याकडे दळण झालं की झाकण लावून डबा उजवीकडे सरकवतात. आता फोनवरही तो फोटो बोटाने उजवीकडे सरकवतो. हे कुठल्याही पालकाने तुम्हाला सांगितलं नसतं.

दादा सगळ्याला हो म्हणतो, हे मात्र खरं आहे. म्हणून 'आवडलं का', 'समजलं का' असं विचारूच नका. "करून दाखव" म्हणा आणि गप्प बसा. लॉगिनला मी ओटीपी ठेवला होता. सेकंद उलटे पळायला लागले की दादा फोन खाली ठेवून द्यायचा. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या आवृत्तीत, डब्ल्यूसीएजी 2.2 मध्येही लॉगिनसाठी लक्षात ठेवण्याची किंवा कोडं सोडवण्याची सक्ती नको असा निकष आहे. मी बोटाचा ठसा ठेवला.

किती जण? पाच-सहा पुरेत, पण तेच पाच-सहा पहिल्या कागदी आराखड्यापासून शेवटपर्यंत हवेत. ॲप तयार झाल्यावर एकदा दाखवायला बोलावणं म्हणजे विचारणं नव्हे. दिव्यांगांविषयीच्या निर्णयांत त्यांच्याशीच सल्लामसलत करायची, हे संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात लिहिलेलं आहे. भारताने तो 2007 मध्ये मान्य केला आणि आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्यातूनच आला. मानधन द्या, तेही त्यांच्या हातात.

हे सगळं दादावरून सांगतोय. डिमेन्शिया झालेल्यांचं वेगळं असतं, सकाळी जमलेलं संध्याकाळी जमेलच असं नाही. जे बोलत नाहीत त्यांच्यासोबत ओळखीचं माणूस लागतंच. संमती दर भेटीला नव्याने घ्या आणि उठून जायची मोकळीक ठेवा.

पण सोबत आलेल्या माणसाला त्यांच्या मागे बसवा, समोर नको. आमचे भाऊजी समोर बसायचे. ते तीन रविवार दादा काहीही दाबण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघत होता.